धुक्याची भौगोलिक कारणे

श्रीरंग खांबेटे हा हवेतल्या दमटपणावर पोट भरणारा माणूस. न्यू जर्सीत एडिसनला राहायचा आणि मोठमोठ्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगची गणितं करायचा. कुठल्या खोलीत बाष्प किती, त्याचं पाणी कधी होईल, कुठल्या भिंतीला केव्हा घाम फुटेल, हे तो कागदावर दोन दशांश स्थळांपर्यंत सांगू शकत असे. त्यामुळे १९८४च्या जुलैत सासऱ्यांना समुद्र दाखवायला तो मेन राज्याच्या टोकाला घेऊन गेला आणि तीन दिवसांत वाटीभरही समुद्र दिसला नाही, तेव्हा दोष द्यायला त्याच्याजवळ स्वतःखेरीज कुणी उरलं नाही.

मुळात ही सहल समुद्रासाठी नव्हतीच. ती होती एका प्रश्नासाठी.

सासरे गुरुदत्त टिकेकर, घरातले नाना. बार्शीच्या हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, आणि एकुलत्या एका लेकीच्या, सुहासिनीच्या, डोक्यात तेव्हापासून एकच विचार घोळत होता: नानांनी आता इथेच राहावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नाना प्रथमच अमेरिकेत आले. परतीचं तिकीट अकरा ऑगस्टचं होतं. ते आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुहासिनी म्हणाली, "मी उद्या सकाळी सहज विचारून टाकते."

"सहज?" श्रीरंग दचकलाच. "अगं, वेडी आहेस का? ते जुन्या वळणाचे. बाप लेकीच्या घरी राहत नसतो. तू असं सहज विचारलंस की ते सहज नाही म्हणतील. आणि एकदा त्यांच्या तोंडून नाही गेलं, की मग ब्रह्मदेव आला तरी हो नाही. मी त्यांचा विद्यार्थी आहे, मी ओळखतो त्यांना. ही केस मी हँडल करतो."

विद्यार्थी होता हे खरं. टिकेकर सरांच्या वर्गात तो मागून दुसऱ्या बाकावर बसे आणि भूगोलात अडतीस मार्कांच्या वर कधी चढला नाही. पुढे त्याचं स्थळ सांगून आलं तेव्हा सर म्हणाले होते म्हणे, "भूगोल कच्चा आहे, पण मुलगा बरा आहे." लग्न झालं आणि ज्या तोंडाने 'खांबेटे, बाकावर उभा राहा' म्हटलं होतं, त्याच तोंडाने सर 'श्रीरंगराव, बसा ना' म्हणू लागले. श्रीरंगला त्या आदराने आजतागायत अवघडल्यासारखं होई. खरं सांगायचं तर त्याला बाकावर उभं राहणं परवडलं असतं.

तर केस हँडल करायची म्हणजे काय, तर श्रीरंगचा एक सिद्धांत होता. समोर काहीतरी भव्य असलं की माणसाचं मन मोठं होतं, आणि मोठ्या मनाचा माणूस नाही म्हणत नाही. हा सिद्धांत त्याचा स्वतःचा, कुठेही न तपासलेला. ऑफिसात साधा पंखा बसवायचा तर हा मनुष्य तीन वेळा मोजमाप घेई. पण घरातल्या बाबतीत त्याला प्रयोगाची गरज कधी भासली नव्हती.

भव्य काहीतरी शोधण्यात आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात पाऊस होता. दुसऱ्यात ऑफिसचं काम निघालं. मग न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीवर नानांना नेलं, पण तिथे लिफ्टला इतकी रांग होती की वर पोचेपर्यंत सगळ्यांची मनं लहान झाली होती. रोज रात्री जेवणं झाली की सुहासिनी डोळ्यांनी विचारी, आणि श्रीरंग डोळ्यांनीच 'थांब' म्हणे. अखेर त्याला नकाशावर ते ठिकाण सापडलं: मेन राज्यात, ल्युबेक नावाच्या गावाजवळ समुद्रात घुसलेलं भूशिर. देशाचं अगदी पूर्वेचं टोक. वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, खाली काळे कडे, आणि समोर अख्खा अटलांटिक. याहून भव्य काही हवं असेल तर विमानाचं तिकीट काढावं लागलं असतं.

"नाना, अमेरिकेचं पूर्वेचं टोक बघायला जाऊ या?"

"हो का? जाऊ या की," नाना म्हणाले. जावयाकडे काही मागायचं नाही आणि त्याने दिलेलं नाकारायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

स्टेशन वॅगनमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि एक कुकर भरून चौघं निघाली. चौथी सुमेधा, वय वर्षं अकरा, मराठी सगळं समजणारी आणि त्याची उत्तरं इंग्रजीत देणारी. तिच्या मांडीवर नकाशा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ल्युबेक जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "डॅड, राइट टर्न. इट सेज वेस्ट क्वॉडी हेड."

"वेस्ट?" श्रीरंग हसला. "बेटा, आपल्याला देशाचं पूर्वेचं टोक बघायचंय. त्याचं नाव वेस्ट कसं असेल? थोडं लॉजिक वापर. पुढे ईस्ट क्वॉडी असणार."

"बट डॅड, द मॅप..."

"मॅप जुना असतो, लॉजिक जुनं होत नाही."

लॉजिकच्या जोरावर गाडी सरळ गेली. ईस्ट क्वॉडी खरोखरच होतं. फक्त ते एका पुलापलीकडे होतं आणि पुलापलीकडे कॅनडा होता. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने खिडकीतून आत वाकून पाहिलं: कानटोपी घातलेले एक गृहस्थ, मांडीवर कुकर घेतलेल्या बाई, आणि "ऑफिसर, वी आर लुकिंग फॉर अमेरिका" असं बोलून बसलेला चालक. नानांचा पासपोर्ट एडिसनला कपाटात होता. अधिकारी भला माणूस, त्याने हसू आवरत गाडी वळवून दिली. श्रीरंगची मात्र पुढची पाच मिनिटं पाचावर धारण बसली होती.

मागच्या सीटवरून नाना हळूच म्हणाले, "क्वॉडी हे त्या उपसागराचं नाव असावं. त्याच्या पूर्वेचं टोक कॅनडात, पश्चिमेचं इथे. देशाचं पूर्वेचं टोक उपसागराच्या पश्चिमेला असू शकतं, श्रीरंगराव."

"तुमच्या लक्षात कधी आलं हे?"

"काल नकाशा पाहिला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत, नाना?"

"तुम्ही विचारलं नाहीत," नाना म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बाहेर बघण्यासारखं अर्थात काही नव्हतं. सुमेधाने सांगितलेल्या वळणावरून ते वेस्ट क्वॉडीला पोचले आणि गाडीचं दार उघडताच वाऱ्याने ते श्रीरंगच्या हातातून हिसकून घेतलं. वारा असा की सुहासिनीचा पदर आधी उडाला आणि ती मागून. आणि एवढा वारा असून धुकं जागचं हलत नव्हतं. उलट वाराच ते पोत्यापोत्याने समुद्रावरून आणून ओतत होता. दीपगृहाचा खालचा लाल पट्टा दिसला, त्यावरचा पांढरा दिसला, तिसरा असावा असं वाटलं. समुद्र नुसता ऐकू येत होता. थोड्या थोड्या वेळाने दीपगृहाचा भोंगा असा हंबरे की सुमेधा दर वेळी दोन इंच उडे.

"आय कान्ट सी एनीथिंग," ती म्हणाली.

"उद्या क्लिअर होईल," श्रीरंग म्हणाला. "सॉरी हं, नाना."

मोटेलच्या मालकीणबाई दोन्ही दिवशी सकाळी हेच म्हणाल्या: दहापर्यंत जाईल. त्यांनी कुठल्या तारखेचे दहा हे सांगितलं नव्हतं. त्या दोन दिवसांत श्रीरंगने धुक्याबद्दल इतक्या वेळा माफी मागितली की ते त्यानेच घरून आणलं आहे असं कुणालाही वाटावं. त्याने तापमान आणि दमटपणाची आकडेमोड मोटेलच्या पाकिटावर करून पाहिली. उत्तर आलं, धुकं पडायला नको. बाहेर पाहिलं तर पार्किंगमध्ये स्वतःची गाडी दिसेना. त्याने पाकीट गपचूप फाडून टाकलं. मोटेलच्या खोलीत सुहासिनी कुकर लावी, शिटी झाली की दूरवरून भोंगा उत्तर देई, आणि नाना शांतपणे मेतकूट-भात खात.

"आज विचारा," तिसऱ्या दिवशी सकाळी सुहासिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "दुपारी निघायचंय आपल्याला. पावणेसात आठवडे झाले नाना येऊन. तुमचं भव्य-बिव्य पुरे झालं. तुम्ही विचारत नसाल तर मी विचारते."

"आज विचारतो. शपथ."

टोकाशी एक दगड आहे, देशाचं पूर्वेचं टोक असं कोरलेला. श्रीरंगने भाषण तयार ठेवलं होतं. त्याची सुरुवात 'नाना, हे क्षितिज बघा' अशी होती. क्षितिज नसल्यामुळे सुरुवातच गळाली आणि पुढचं सगळं तिच्यावर टेकलेलं होतं. सुहासिनी आणि सुमेधा मागे राहिल्या होत्या; दहा पावलांवरची माणसं त्या पांढऱ्यात विरघळून गेली होती. नाना कठड्याला धरून उभे होते. मफलर वाऱ्यावर आडवा फडफडत होता, चष्मा पाण्याने भरला होता, आणि त्यांनी एक हात पुढे पसरून ठेवला होता.

"सॉरी, नाना. एवढ्या लांब आणलं आणि काही म्हणजे काही दिसत नाहीये."

"काही कसं नाही?" नाना वळले. त्यांचा चेहरा पाहून श्रीरंग चपापला. असा चेहरा त्याने पाहिला होता तो वर्गात, वर्षातून एखाद्याच दिवशी, कुणीतरी अवघड उत्तर बरोबर दिलं तर. "अहो, हे दिसतंय ना! गेले तीन दिवस मी हेच बघतोय. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर दाट धुके असते, भौगोलिक कारणे द्या. चार गुण. चौतीस वर्षं हा प्रश्न घातला मी. न्यूफाउंडलंड वर राहिलं, पण थंड प्रवाह तोच, हा इथपर्यंत येतो. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून एखादा विचारायचाच, सर, तुम्ही पाहिलंय का? बार्शीत कुठलं धुकं! मी म्हणायचो, पुस्तकात आहे, पाठ करा. लाज वाटायची हो मला. चार गुणांची लाज, पण दर वर्षीची."

ते बोलत होते, वारा अर्धी वाक्यं पळवत होता, आणि श्रीरंग तोंड उघडं टाकून उभा होता. तीन दिवस हा म्हातारा सुखात होता आणि तीन दिवस आपण त्याच्या सुखाबद्दल त्याची माफी मागत होतो.

"सांगा बघू कारणं," नाना म्हणाले.

"नाना, म्हणजे... हवेचं टेंपरेचर ड्यू पॉइंटच्या खाली गेलं की रिलेटिव्ह ह्युमिडिटी..."

"अरे गाढवा, प्रवाह कुठे गेले? गरम प्रवाहावरची दमट हवा थंड प्रवाहावर आली, हे कोण सांगणार, तुझा बाप?" आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "माफ करा, श्रीरंगराव."

"नको, नाना. माफी नका मागू," श्रीरंग म्हणाला. एकोणीसशे सत्तावन्न साली शाळा सुटली तेव्हापासून त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने धुक्याच्या नावावर खपवलं. आणि त्या हलकेपणात, भाषण विसरून, त्याने विचारून टाकलं. "नाना, तुम्ही परत जाऊ नका. आमच्याकडेच राहा. सुहासिनीसाठी म्हणतोय असं नाही, मलाही पाहिजे आहात. खोली आहे, व्हिसाची मुदत वाढवायचे फॉर्म आणून ठेवलेत. राहा ना."

भोंगा हंबरला. नानांनी चष्मा काढून पुसला.

"हे कधी ठरवलंत?"

"तुम्ही यायच्या आधीपासून. सुहासिनी तर दुसऱ्याच दिवशी विचारणार होती. मीच थांबवलं. म्हटलं, तुम्ही लेकीच्या घरी राहायला तयार होणार नाही. चांगली जागा बघून, नीट विचारू."

नाना कठड्यावर टेकले. कानटोपीच्या आतून त्यांनी कपाळ पुसलं.

"मी राहायच्या तयारीने आलो होतो, श्रीरंगराव. घराची किल्ली शेजारच्या शरयूताईंकडे देऊन आलो, कॉट देऊन टाकली. शाळेत भूगोलाला माणूस नाही. गिरीश म्हणून आपलाच विद्यार्थी, तो हेडमास्तर आहे आता. त्याने विचारलं होतं, वर्षभर सकाळचे तास घ्याल का? मी म्हटलं, अमेरिकेतून कळवतो. वाटत होतं, लेक राहा म्हणेल." त्यांनी मफलर पुन्हा गुंडाळला. "चार आठवडे वाट पाहिली, कुणी काही बोललं नाही. तुम्ही दोघं जेवणानंतर एकमेकांना खुणा करायचात. मला वाटलं, म्हातारा जातो कधी, याच्या खुणा. राग नाही आला. मुलांचा संसार आहे, आपण समजून घ्यावं. मग गिरीशला पत्र टाकलं, पंधरा ऑगस्टला हजर होतो म्हणून."

"नाना! पण तुम्ही एकदा तरी..."

"बापाने लेकीच्या घरी आपणहून राहतो म्हणायचं? कसं म्हणायचं, सांगा तुम्हीच."

ज्या रिवाजावर बोट ठेवून त्याने बायकोला गप्प बसवलं होतं, त्याच रिवाजाने नानाही गप्प बसले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याच्या आईने त्याला लहानपणापासून सांगितलं होतं. आज तो बैल त्याला साक्षात दिसत होता, आणि तेवढंच एक काय ते त्या टोकावर स्पष्ट दिसत होतं. बाराशे मैलांची सहल, भव्यता, सिद्धांत. स्वयंपाकघरातून माडीवर हाक मारण्याइतकं ते काम होतं.

"पत्र मागे घेता येईल, नाना. फोन करू. आजच करू."

"पोरं वाट बघत असतील. शब्द दिलाय." मग ते हळूच म्हणाले, "आणि आता मला त्यांना सांगायचंही आहे हो. खोटं कशाला बोलू? काल रात्रीपासून मी धडाच घोळवतोय मनात."

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्यावर इलाज नव्हता. नसतं दाखवलं धुकं, तर निदान वाद घालता आला असता.

तेवढ्यात पलीकडे पाच पावलांवर काहीतरी हललं. सुहासिनी तिथे उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, चेहरा ओला. श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं आणि ती आता आपल्याला काय बोलेल ते सगळं आपण निमूट ऐकायचं, असं ठरवलं. पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"नाना," ती म्हणाली, "रोज सकाळी तुम्हाला चहा देताना माझ्या अगदी ओठांवर यायचं हो. रोज."

नाना कठडा सोडून तिच्याजवळ गेले.

"म्हणून तर मी रोज अर्धा कप आणखी मागायचो, बाळ," ते म्हणाले. "मला कुठे दुसरा कप चालतो?"